दुसरं लग्न आणि पहिल्या संसाराची पेन्शन

अमेरिकी लष्कराच्या नियमांत घटस्फोटित जोडीदारासाठी दोन शब्द येतात: ‘अनरिमॅरिड’ आणि ‘अनमॅरिड’. घाईत वाचणाऱ्याला दोन्ही एकच वाटतील. पण पहिला म्हणजे घटस्फोटानंतर पुन्हा कधीच लग्न न केलेली आणि दुसरा म्हणजे आजच्या घडीला लग्नात नसलेली. पहिल्या शब्दावर लष्करी आरोग्य योजना टिकते, दुसऱ्यावर लष्करी वाणसामानाचं दुकान. समजा, एका बाईने वीस वर्षं सैनिकाचा संसार केला, मग घटस्फोट झाला, तिने दुसरं लग्न केलं आणि दोन वर्षांत तो नवरा वारला. तिला स्वस्त किराणा पुन्हा मिळू लागतो, औषधपाणी मात्र कायमचं गेलेलं असतं. आणि या साऱ्या काळात पहिल्या नवऱ्याच्या पेन्शनमधला तिचा वाटा एका महिन्यासाठीही थांबलेला नसतो.

त्यामुळे ‘दुसरं लग्न केलं की पेन्शन जाते का?’ या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर देणारा माणूस हमखास चुकतो. आधी विचारावं लागतं, कोणते पैसे? सैनिकाच्या घटस्फोटित जोडीदाराला जे मिळतं ते चार खिशांतून येतं: पेन्शनमधला वाटा, पोटगी, सैनिकाच्या मृत्यूनंतर मिळणारी मासिक रक्कम आणि लष्करी सवलती. चारही खिसे एकाच नोकरीतून भरलेले, तरी प्रत्येकाला पुनर्विवाहाचा नियम वेगळा. या वेगळेपणामागे एक सूत्र आहे. जे तिने कमावलं असं कायदा मानतो, ते राहतं. जे तिला दिलं असं मानतो, ते जातं किंवा अटीवर राहतं. वाद उरतो तो एवढाच, की कमावलेलं कुठे संपतं आणि दिलेलं कुठे सुरू होतं.

(नियम बायकोला आणि नवऱ्याला सारखेच आहेत. सैनिक बाई असेल तर वाटा मागणारा नवरा असतो. पुढे ‘ती’ म्हटलं आहे ते सोयीसाठी.)

कोर्ट नाही म्हणालं, संसद हो म्हणाली

अमेरिकेत घटस्फोटाचा कायदा राज्यांचा आणि लष्कर केंद्राचं. सगळा गुंता इथून सुरू होतो. १९७० च्या दशकात अनेक राज्यांची न्यायालयं लष्करी पेन्शनला संसाराची मिळकत मानून तिची वाटणी करू लागली होती. कॅलिफोर्नियात तर लग्नानंतर जे मिळवलं ते दोघांचं निम्मं-निम्मं, हा रिवाज जुनाच. तिथला एका लष्करी डॉक्टरचा, कर्नल मॅकार्टी यांचा, घटस्फोट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. २६ जून १९८१ रोजी कोर्टाने सहा विरुद्ध तीन अशा मतांनी सांगितलं, की ही पेन्शन केंद्राने सैनिकाला त्याच्या वैयक्तिक हक्काची म्हणून दिलेली आहे. राज्याला ती वाटता येणार नाही. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती हॅरी ब्लॅकमन यांनी घटस्फोटित जोडीदारांची अवस्था अनेकदा बिकट असते हेही मान्य केलं, पण त्यावरचा इलाज संसदेच्या हाती आहे असं म्हणून ते थांबले.

अवस्था बिकट का, हे बदलीच्या नोकरीतल्या कुठल्याही बायकोला समजावून सांगायला नको. दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड हलतं. नव्या गावी नोकरी शोधावी, जरा बस्तान बसावं, तोवर पुढच्या बदलीचा कागद येतो. स्वतःची पेन्शन जमावी इतकी सलग नोकरी तिच्या वाट्याला क्वचितच येते. त्यात लष्करी पेन्शनचं गणित असं, की साधारणपणे वीस वर्षं पुरी केली तरच ती मिळते. एकोणिसाव्या वर्षी नोकरी सोडणाऱ्याला जुन्या पद्धतीत काहीच मिळत नसे. म्हणजे वीस वर्षांच्या संसारात घरातली सर्वांत मोठी पुंजी नवऱ्याच्या नावावर, आणि तीही एकदम शेवटी, तयार होते.

संसदेने मग फार वेळ घेतला नाही. कोलोरॅडोच्या प्रतिनिधी पॅट श्रोडर यांनी या बायकांची बाजू लावून धरली होती. ८ सप्टेंबर १९८२ रोजी ‘युनिफॉर्म्ड सर्व्हिसेस फॉर्मर स्पाउसेस प्रोटेक्शन अॅक्ट’ मंजूर झाला आणि कोर्टाच्या निकालाचा परिणाम निकालाच्या दिवसापासूनच पुसला गेला. या कायद्याने घटस्फोटित पत्नीला एक डॉलरही दिला नाही. त्याने राज्यांच्या न्यायालयांना एवढंच सांगितलं, की तुमच्या कायद्यात ही पेन्शन वाटणीयोग्य मालमत्ता ठरत असेल तर वाटा. आम्ही आड येणार नाही. पुनर्विवाहाचं सारं कोडं याच एका वाक्यात दडलेलं आहे.

पहिला खिसा: वाटा

वाटा सहसा असा काढतात. लग्न आणि नोकरी एकत्र चालली ते महिने वर, नोकरीचे एकूण महिने खाली आणि आलेल्याचं निम्मं. वीस वर्षांच्या नोकरीत पंधरा वर्षं संसार असेल, तर तीन-चतुर्थांशाचं निम्मं, म्हणजे ३७.५ टक्के. महिन्याला ३००० डॉलर पेन्शन असेल तर तिचे ११२५ डॉलर. मालमत्तेची वाटणी म्हणून लष्कराच्या लेखा खात्यामार्फत थेट मिळू शकणाऱ्या रकमेवर ५० टक्क्यांची मर्यादा आहे. त्यात पोटगी आणि मुलांचा खर्चही असेल तर एकूण ६५ टक्के. लग्नाची आणि नोकरीची किमान दहा वर्षं एकत्र भरत असतील तर हे खातं तिचा वाटा थेट तिला पाठवतं. ही दहा वर्षांची अट फक्त पैसे कोणी पाठवायचे याची आहे, तरी ‘दहा वर्षं झाली नाहीत म्हणजे हक्कच नाही’ हा गैरसमज अजूनही ठाण मांडून आहे.

आता दुसरं लग्न. कायदा त्याबद्दल गप्प आहे, आणि ही चुप्पीच उत्तर आहे. मालमत्ता म्हणून वाटलेल्या पेन्शनचा हिस्सा तिने पुन्हा लग्न केल्याने थांबत नाही; तिचा नवा नवरा श्रीमंत असला तरी नाही. माजी नवऱ्याने दुसरं लग्न केलं तरी तो कमी होत नाही. कारण वाटणी एकदाच होते. घटस्फोटात घर विकून आलेले निम्मे पैसे तिने बँकेत ठेवले आणि पुढे लग्न केलं, तर ते परत मागायला कोणी जात नाही. पेन्शनचा हिस्सा हेच निम्मं घर आहे, फक्त दरमहा हप्त्याने मिळणारं.

दोन बाजूंनी मात्र ही उपमा लंगडी पडते. घर वारसांकडे जातं, हा हिस्सा जात नाही. सैनिक गेला तरी थांबतो आणि ती गेली तरी थांबतो. तिला तो मृत्युपत्राने कुणाला देता येत नाही. आणि घर कुणी परस्पर लहान करू शकत नाही, पेन्शन सैनिक करू शकतो. सैनिकाने अपंगत्वाचा भत्ता घेण्यासाठी तेवढी पेन्शन सोडली, तर सोडलेला भाग वाटणीबाहेर जातो, असं सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्ये मॅन्सेल खटल्यात सांगितलं. २०१७ मध्ये हॉवेल खटल्यात त्यापुढे जाऊन ठरवलं, की अशी झालेली घट माजी नवऱ्याने भरून द्यावी असा हुकूमही राज्यांना करता येणार नाही. शिवाय २३ डिसेंबर २०१६ नंतरच्या घटस्फोटांत नवरा अजून नोकरीत असेल, तर वाटा घटस्फोटाच्या दिवशीच्या हुद्द्यावर आणि वर्षांवर गोठवला जातो. महागाईची वाढ तेवढी जोडतात. थोडक्यात, या मालमत्तेला धोका आहे तो आजारपणाचा, बढतीचा, मृत्यूचा. लग्नाचा नाही.

दुसरा खिसा: पोटगी

पोटगी त्याच पेन्शनमधून कापली जाऊ शकते, त्याच खात्यात जमा होऊ शकते, तरी तिची जात वेगळी. पोटगी गरजेसाठी असते आणि दुसरं लग्न झालं की गरज भागली असं समजण्याची पद्धत बहुतेक राज्यांत आहे. काही ठिकाणी ती आपोआप संपते, काही ठिकाणी अर्ज करावा लागतो.

खरी फसगत या दोहोंच्या सीमेवर होते. हुकूमनाम्यात ‘पेन्शनच्या ४० टक्के पत्नीला’ एवढंच लिहिलं, पण ते वाटणी म्हणून की निर्वाहासाठी हे स्पष्ट केलं नाही, तर पुढे दुसऱ्या लग्नाच्या दिवशी भांडण ठरलेलं. तो म्हणणार ही पोटगी होती, ती म्हणणार हा माझा हिस्सा. ‘पुनर्विवाहापर्यंत’ हा एक शब्द तडजोडीच्या मसुद्यात कुणी सही करून मान्य केला असेल, तर मालमत्तेचा वाटाही त्या दिवशी थांबू शकतो, कारण केंद्राचा कायदा अशा कराराला अडवत नाही. पैसे कोर्टाच्या हुकमातल्या अटींप्रमाणेच पाठवले जातात. म्हणून तिथले जाणते वकील टक्केवारीवर जितके भांडतात तितकेच नावावर भांडतात.

तिसरा खिसा: मागे राहिलेल्याची रक्कम

वाटा सैनिकाबरोबर संपतो, म्हणून त्याच्या मृत्यूनंतरची सोय वेगळी करावी लागते. ‘सर्व्हायव्हर बेनिफिट प्लॅन’ ही ती योजना. ठरवलेल्या रकमेच्या ५५ टक्के दरमहा, तेही तहहयात. त्यासाठी सैनिकाच्या पेन्शनमधून साधारण साडेसहा टक्के कापले जातात. ३००० डॉलरांची पूर्ण पेन्शन आधार धरली तर महिन्याला १९५ डॉलर भरायचे आणि मागे राहिलेल्याला १६५० मिळायचे. घटस्फोटित पत्नीला इथे नाव लावता येतं, १९८६ पासून कोर्ट तसा हुकूमही करू शकतं. मात्र नवऱ्याने टाळाटाळ केली तर तिने स्वतः वर्षाच्या आत कागद धाडायचा असतो. ती मुदत चुकली तर हातातला हुकूम कागदच राहतो.

इथे पुनर्विवाह आडवा येतो, पण वयाचा पूल पार केलेला असेल तर नाही. वयाच्या ५५ वर्षांआधी लग्न केलं तर हक्क स्थगित. ते लग्न मृत्यूने किंवा घटस्फोटाने संपलं तर पुन्हा जिवंत. पंचावन्नाव्या वाढदिवसानंतर लग्न केलं तर काहीच फरक नाही. नोव्हेंबर १९८६ पर्यंत ही रेघ साठाव्या वर्षावर होती. चोपन्नाव्या वर्षी मन जुळलेल्या जोडप्याने तारीख पुढे ढकलावी, असा सल्ला तिथे कोणी चेष्टेने देत नाही, हिशेबाने देतो.

या योजनेत एक तिसरं माणूसही अडकतं. एका वेळी पत्नी किंवा माजी पत्नी, एकीचंच नाव राहू शकतं. कोर्टाच्या हुकमाने पहिलीचं नाव लागलं असेल तर वीस वर्षं सोबत राहिलेल्या दुसरीला नवऱ्यामागे या योजनेतून काही मिळत नाही. मग पहिलीने पंचावन्नच्या आत लग्न केलं, ही बातमी दुसरीच्या घरी वेगळ्या कारणाने महत्त्वाची ठरते.

चौथा खिसा: दवाखाना आणि दुकान

वीस वर्षं लग्न, वीस वर्षं नोकरी आणि दोन्ही एकत्र चाललेली वीस वर्षं, असे तीन विसांचे आकडे जुळले तर घटस्फोटानंतरही ‘ट्रायकेअर’ ही लष्करी आरोग्य योजना आणि ‘कमिसरी’ हे सवलतीचं दुकान मिळतं. एकत्र वर्षं पंधरा ते वीसच्या दरम्यान असतील तर आरोग्य योजना एकच वर्ष. दुसऱ्या लग्नाने आरोग्याचा हक्क जातो तो परत येत नाही. दुकानाचा जातो, पण लग्न संपलं तर परत येतो. सुरुवातीच्या दोन शब्दांचा खेळ तो हाच.

तांदूळ-साखरेपेक्षा औषधं महाग, एवढं एकच कारण त्यामागे दिसतं. अमेरिकेत आरोग्यविमा हा घराचा एक मोठा खर्च असल्याने साठीच्या आतबाहेरच्या बाईला लग्नाचा निर्णय घेताना पेन्शनच्या वाट्यापेक्षा याच खिशाची धास्ती जास्त असते.

‘तिचा नवरा माझी पेन्शन खातो’

निवृत्त सैनिकांच्या संघटनांना वाट्याचा हा टिकाऊपणा पहिल्यापासून खुपतो. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. निवृत्त सैनिकाला पुन्हा कामावर बोलावता येतं, लष्करी शिस्त त्याला पुढेही लागू राहते. मग पेन्शन ही साठवलेली पुंजी कशी, तो तर कमी कामाचा कमी पगार झाला. पगार घटस्फोटानंतर कोण वाटून घेतं? आणि माजी पत्नीने नवा संसार थाटल्यावरही तिला मरेपर्यंत पैसे पाठवत राहायचं, ही त्यांना शिक्षा वाटते. १९९० च्या दशकात अॅरिझोनाचे प्रतिनिधी बॉब स्टम्प यांनी पुनर्विवाहाबरोबर हा वाटा थांबवावा अशी विधेयकं मांडली. ती कायदा झाली नाहीत. निवृत्त सैनिकांनी कायद्यालाच कोर्टात दिलेलं आव्हान २००६ मध्ये संघीय अपील न्यायालयात फसलं.

त्यांच्या हातातला सर्वांत चांगला मुद्दा शेजारच्या खात्यातला आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेतल्या अधिकाऱ्यांच्या घटस्फोटित जोडीदारांना १९८० च्या कायद्याने पेन्शनमध्ये वाटा दिला. त्यामागेही पॅट श्रोडर यांचाच रेटा होता. दहा वर्षांचा संसार असेल तर निम्म्यापर्यंतचा हिस्सा आपोआप. पण पंचावन्नच्या आत लग्न केलं तर तो जातो. राजदूताची माजी पत्नी लग्नाने हक्क गमावते आणि सार्जंटची गमावत नाही, हे कुठल्या न्यायाने?

याचं उत्तर ‘देणारा कोण’ यात आहे. परराष्ट्र सेवेत वाटा केंद्राच्या कायद्याने स्वतःहून दिला आणि देणाऱ्याने अट घातली. लष्करात केंद्राने काहीच दिलं नाही; राज्याच्या कायद्याने जे आधीच तिचं होतं त्यावरचा अडसर तेवढा काढला. जे आपण दिलंच नाही त्यावर अट कशी घालणार? म्हणजे जो कायदा तिला कमी देतो असं वाटतं, त्यानेच तिला लग्नाचं स्वातंत्र्य जास्त दिलं. कमी उदारपणातून जास्त पक्का हक्क निघाला.

गोव्यातून पाहिलं तर

ही विभागणी मराठी वाचकाला वाटते तितकी परकी नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक होते आणि घटस्फोटात निम्मी-निम्मी होते. त्या निम्म्यावर पुढच्या लग्नाचा परिणाम होत नाही, हे तिथे कोणाला समजवावं लागत नाही. महाराष्ट्रात मात्र घटस्फोटित हिंदू पत्नीचा हक्क मुख्यतः पोटगीचा. नवऱ्याच्या पेन्शनची मालमत्ता म्हणून वाटणी नाही. हिंदू विवाह कायद्याच्या २५व्या कलमात पुनर्विवाहानंतर कोर्ट पोटगी बदलू किंवा रद्द करू शकतं आणि फौजदारी प्रक्रियेतल्या निर्वाहाच्या कलमात घटस्फोटित पत्नी म्हणजे ‘पुन्हा लग्न न केलेली’ अशीच व्याख्या आहे. अमेरिकी भाषेत सांगायचं तर आपल्याकडे दुसरा खिसा आहे, पहिला नाही.

आणि लग्नाची किंमत मालमत्तेने मोजण्याचा आपला इतिहास तर अधिक कठोर. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने लग्नाला परवानगी दिली, पण त्याच्याच दुसऱ्या कलमात पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क ती त्या क्षणी मेली असं समजून संपवला. १९५६ च्या वारसा कायद्याने तिला मिळालेली मालमत्ता पुरती तिची केली. जुना कायदा १९८३ मध्ये रद्द झाला. तरी पुनर्विवाहित सुनेला वारसातून वगळणारं वारसा कायद्याचं २४वं कलम २००५ पर्यंत पुस्तकात होतंच. ‘लग्न केलंस ना, मग आता आमचं काय?’ हा प्रश्न आपल्या घरांतून कायद्यापेक्षा सावकाश गेला, काही घरांतून अजून जायचा आहे.

सूत्राची परीक्षा

अमेरिकी कायद्याचं सूत्र कुठे तुटतं हे पाहायचं, तर त्याच कायद्यात १९९२ मध्ये जोडलेलं एक उपकलम वाचावं. सैनिकाने बायकोला किंवा मुलांना मारहाण केली, लष्करी न्यायालयात दोषी ठरला आणि पेन्शनच गमावली, तर वाटणीला काही उरत नाही. तिने तोंड उघडलं म्हणून घराची पुंजी गेली, असं व्हायला नको म्हणून सरकार तिला तिच्या वाट्याइतकी रक्कम स्वतः देतं. चांगली तरतूद आहे. पण ही रक्कम पुनर्विवाहाच्या दिवशी बंद होते आणि ते लग्न संपलं तरच पुन्हा सुरू होते.

दोन बायका शेजारी उभ्या करा. दोघींनी पंधरा पंधरा वर्षं बिऱ्हाडं हलवली, दोघींच्या हुकूमनाम्यात ३७.५ टक्के लिहिलं. एकीचा नवरा सन्मानाने निवृत्त झाला. ती उद्या लग्न करील, पैसे येत राहतील. दुसरीने मार खाल्ला आणि साक्ष दिली. ती लग्न करील तर पैसे थांबतील. दोघींच्या कष्टांत फरक नाही. फरक एवढाच, की एकीचे पैसे नवऱ्याच्या पेन्शनमधून येतात म्हणून ते तिचे ठरले, आणि दुसरीचे सरकारकडून येतात म्हणून ते दिलेले ठरले. कमावलेलं आणि दिलेलं यांच्यातली रेघ बाईने काय केलं यावर कधीच आखलेली नव्हती. ती पैसे कोणाच्या तिजोरीतून निघाले यावर आखलेली आहे, आणि लग्न करू पाहणाऱ्या बाईला पत्रिका पाहण्याआधी ती तिजोरी पाहावी लागते.